टोचनला गोडं पाणी

आमच्या घरी पहिल्यांदा आलेल्या माणसाला वाटतं, नवराबायकोचं कडाक्याचं भांडण जुंपलंय. प्रत्यक्षात मी एवढंच विचारत असते की पोळी वाढू की भाकर. आमच्या ह्यांना हळू बोललेलं ऐकू येत नाही, आणि मला, अमरावतीत भर चौकात वाढलेल्या बाईला, ओरडायला कधी फारसे कष्ट पडले नाहीत. तेव्हा आमचं बरं जुळलं. सुरुवातीला शेजारणी काळजीनं डोकावायच्या. पुढे त्यांना सवय झाली, आणि आमच्याकडे काय शिजलंय हे त्यांना न विचारताच कळायला लागलं.

ज्या वस्तूनं ह्यांचे कान खाल्ले ती मी रोज डोळ्यांसमोर पाहत होते. अकोल्याहून अकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक जिनिंग-प्रेसिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधण्याचा कारखाना आहे. मी तिथं हिशेब सांभाळते आणि हे तिथं टो ट्रॅक्टर चालवतात. टो ट्रॅक्टर म्हणजे शेतातला ट्रॅक्टर नव्हे. बुटकं, जाड लोखंडाचं, चार चाकांचं वाहन. मागे हूक आणि हुकाला एकामागे एक जोडलेल्या ट्रॉल्या. प्रेसमधून रुईच्या गाठी बाहेर पडल्या की त्या ट्रॉल्यांवर चढतात आणि हे त्या ओढत आवाराच्या दुसऱ्या टोकाला गोदामात नेऊन सोडतात. येताना सरकीची पोती. बंद पडलेली गाडी दोर लावून ओढण्याला आपल्याकडे टोचन करणं म्हणतात, म्हणून आवारात सगळे त्या वाहनालाच टोचन म्हणतात. बिलावर मात्र मी टो ट्रॅक्टर लिहिते. बी.कॉम. झालेय, एवढं तर करायलाच हवं.

जुनं टोचन डिझेलचं होतं. ते ऑफिसवरून गेलं की खिडकीच्या काचा थरथरायच्या, आणि मी फोनवरच्या माणसाला सांगायची, थांबा, टोचन जाऊ द्या. दिवसभर त्याचं इंजिन चालूच. गाठी चढत असोत, उतरत असोत, हे चहा पीत असोत, इंजिन आपलं धडधडतंय. कारण त्याचा सेल्फ दर हंगामात दुरुस्त व्हायचा आणि दर हंगामात बिघडायचा. एकदा बंद केलं की चार माणसांनी ढकलल्याशिवाय ते चालू होत नसे. त्यामुळे सकाळी ढकलायचं आणि संध्याकाळीच बंद करायचं, असा आवाराचा रिवाजच पडून गेला होता.

त्या आवाजाचा मी एक फायदा करून घेतला होता. माझं टेबल खिडकीशी आहे. हे ट्रॉल्यांची माळ घेऊन खिडकीखालून गेले की मी हळूच म्हणायची, "सांभाळून." रोज, प्रत्येक फेरीला. त्यांना ऐकू जाणार नाही हे पक्कं माहीत होतं, म्हणूनच म्हणायची. ऐकू गेलं असतं तर लाज वाटली असती. आमच्या पिढीत नवऱ्याशी असं काही बोलत नाहीत. पोळीचं बोलतात, गॅस सिलिंडरचं बोलतात.

मागच्या दिवाळीत माहेरी गेलो तेव्हा माझ्या भावानं ह्यांना अमरावतीतल्या कानाच्या डॉक्टरकडे नेलं. मी सोबत होतेच. डॉक्टरांनी हेडफोन लावून बराच वेळ तपासलं आणि मग माझ्याकडे बघून सांगितलं, कारण ह्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. उजवा कान जवळजवळ गेला आहे, तो काही परत येणार नाही. डावा अजून चांगला आहे. पण ते इंजिन असंच चालू राहिलं तर डावाही त्याच वाटेनं जाईल. काम बदला, किंवा मशीन बदला.

एसटीत बसल्यावर मी ते सगळं ह्यांच्या डाव्या कानात ओरडून सांगितलं. पुढच्या सीटवरच्या दोघांनी मागे वळून पाहिलं. परतवाडा आल्यावर हे म्हणाले, "मंग मी काय करू? गेटवर काठी घेऊन बसू?"

"बसा. पगार तेवढाच देईन शेठ."

"पगाराचं कोन बोलून राह्यलं? त्या सीटवर बसलो का मले बरं वाटते." पुढे म्हणाले, "शेठले सांगू नोको. कानाचं समजलं का तो पयले मले खाली उतरवीन."

मला राग आला. इतका आला की अकोट येईपर्यंत मी त्यांच्याशी हळू आवाजात भांडत राहिले, म्हणजे त्यांना काहीच ऐकू आलं नाही आणि माझं समाधान मात्र झालं. पण मनातून मला त्यांचं पटत होतं. तो माणूस त्या सीटवर बसला की वेगळा दिसतो. ताठ मान, एक हात स्टिअरिंगवर, मागे ट्रॉल्या वळणावर कशा येतायत याच्यावर अर्धं लक्ष. गेटवर काठी घेऊन बसलेला तो मला बघवला नसता. आणि ठार बहिरा झालेलाही बघवला नसता. म्हणून शेठला सांगितलं नाही. मशीन बदलावं, एवढी एकच वाट उरली होती, आणि मशीन बदलणं काही माझ्या हातात नव्हतं.

हंगाम ऐन भरात आला आणि एक दिवस शेठनी मला आत बोलावलं. शेठ म्हणजे कारखान्याचे मालक, वयानं आमच्याच बरोबरीचे, बोलायला मोकळे आणि खर्चाला फार सावध. त्यांच्यासमोर दोन कागद होते. जुन्या टोचनचं इंजिन पूर्ण खोलून दुरुस्त करायचा अंदाज एकावर, आणि अकोल्यातल्या एका विक्रेत्यानं पाठवलेली विजेच्या टोचनची माहिती दुसऱ्यावर. विक्रेता महिनाभर वापरायला एक मशीन द्यायला तयार होता.

"ताई, दोन्हीचा चालू खर्च काढा," शेठ म्हणाले. "महिनाभर हे चालवू, महिनाभराचं डिझेलचं तुमच्याकडे हायेच. जे स्वस्त पडन ते ठेवू. हातचं काही राखू नका."

मी टेबलाशी परत आले आणि कोरी वही पुढे ओढली. हिशेब मी आयुष्यभर केले, पण एखाद्या आकड्यावर माझ्याच घरातला माणूस बसलाय असं कधी झालं नव्हतं. स्वतःला बजावलं की बाई, तुझा जीव कुणाकडे ओढतोय ते बाजूला ठेव. आकडा वाकवलास तर पुढच्या हंगामात तो उघडा पडेल, आणि तेव्हा ह्यांची सीटही जाईल आणि तुझी खुर्चीही.

पहिलं म्हणजे मी ठरवलं की रोजचा खर्च मोजायचा नाही. एखाद्या दिवशी कापूस कमी येतो, एखाद्या दिवशी गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जाते. दोन्ही मशीनना एकच माप हवं. ते माप आमच्या समोरच पडलेलं होतं: गाठ. एक गाठ प्रेसमधून गोदामात जायला किती पैसे लागतात, एवढंच बघायचं. डिझेल, ऑइल, फिल्टर, सेल्फची दुरुस्ती एका बाजूला. विजेचं बिल आणि बॅटरी दुसऱ्या बाजूला. चार्जरला मी वेगळं मीटर लावायला लावलं. इलेक्ट्रिशियन म्हणाला, एवढी काय घाई हाय ताई. मी म्हटलं, आजच पाहिजे.

विजेचं टोचन आलं ते ट्रकमधून, पिवळं, चकचकीत. ह्यांनी त्याला एक चक्कर मारली, टायरला पायानं ठोकून पाहिलं आणि निकाल दिला, "हे तं जत्रेतलं खेळनं हाय."

मग त्याच्यावर बसले, किल्ली फिरवली. काही झालं नाही. परत फिरवली.

"चालू हाय ते," विक्रेत्याचा माणूस म्हणाला.

"आवाज कुठं हाय?"

"आवाज नसतेच त्याले."

ह्यांनी अविश्वासानं पाय दाबला आणि टोचन पुढे सरकलं. मागे जोडलेल्या भरल्या ट्रॉल्या निमूटपणे निघाल्या. ह्यांनी वळून ट्रॉल्यांकडे पाहिलं, हूक सुटला की काय म्हणून.

खरी गंमत पुढे झाली. आवारात शेडखाली बायका बसतात, कापसातला पाला आणि कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, वेचायला. त्यांच्यात एक मावशी आहेत, सगळ्यांत जुन्या आणि सगळ्यांत फटकळ. टोचन शेडसमोरून चाललं आणि मावशी नेहमीसारख्या, नेहमीच्याच मोठ्या आवाजात म्हणाल्या, "आला वं नवरदेव, वऱ्हाड घेऊन."

हे थांबले. वळून म्हणाले, "कोन नवरदेव?"

 एका बाईनं पदर तोंडात कोंबला. मावशी मात्र डगमगल्या नाहीत. "तुमीच," त्या म्हणाल्या. "ताठ बसता, मांगं एवढ्या ट्रॉल्या. आमी कितीक वर्सं झाले म्हनून राह्यलो, भाऊ. तुमाले आज आयकू आलं."

मग जो हशा पिकला तो मला ऑफिसात ऐकू आला. इतकी वर्षं ह्या बायका त्यांच्या तोंडावर त्यांची टिंगल करत होत्या आणि हे मान डोलावून पुढे जात होते. कुणाची सून कशी वागते, कुणाला कोणत्या डॉक्टरचा गुण आला, सगळं ह्यांच्या बाजूला बसूनच चालायचं. त्या दिवशी घरी आले ते बातम्यांचं गाठोडं घेऊनच. जेवताना सांगत बसले, मी ऐकत बसले. बऱ्याच वर्षांनी आमच्याकडे तेच जास्त बोलले.

"अन् मले नवरदेव म्हनतात," शेवटी म्हणाले. तक्रार केल्यासारखं म्हणाले, पण मिशीखाली हसत होते.

"वय पाहा," मी म्हटलं. मला मात्र फार बरं वाटलं, हे कबूल करायला काय हरकत आहे.

आठवडाभरात जत्रेतल्या खेळण्याची बदली होऊन ते "आपलं टोचन" झालं. आकडेही सुखाचे येत होते. डिझेलला एका गाठीमागे जिथं रुपया जायचा तिथं विजेला चार आणे. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागणार, तिच्यासाठी मी गाठीमागे वेगळे पैसे बाजूला धरले, तरी सहा-सात आण्यांत भागत होतं. मी दोनदा, तीनदा पडताळून पाहिलं. मी मनातल्या मनात विजयाचे पेढे वाटून मोकळी झाले.

इथं मला पाण्याबद्दल सांगायला हवं. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. जमिनीखालचं पाणी खारट. माहेरी असताना पाण्याला चव असते हेच मला ठाऊक नव्हतं. लग्नानंतर सासरी पहिला चहा घेतला आणि मला वाटलं, कुणीतरी साखरेऐवजी मीठ टाकलं. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. धरणाचं पाणी नळाला येतं ते काही दिवसांआड, आणि त्यालाच आम्ही गोडं पाणी म्हणतो. ते ड्रममध्ये भरून, झाकून, जपून वापरायचं. पाहुणा आला की तांब्या गोड्या पाण्याचा आणि काठोकाठ भरलेला. आमच्याकडे पाहुण्याचा मान त्यावरून कळतो. जावई आला आणि अर्धा तांब्या पुढे केला तर वर्षभर ऐकावं लागतं.

तर त्या महिन्यात आमचं गोडं पाणी नळाची पाळी यायच्या आधीच संपायला लागलं. ह्यांची एक कॅन कामावर जायची, आता दोन जायला लागल्या. मी विचारलं, एवढं पाणी कोण पितं? म्हणाले, "लागते." मला वाटलं, शेडमधल्या बायकांना पाजत असतील. नवरदेवाला आता वऱ्हाडाची सरबराई करायला नको का, असं मी टोमण्यानं म्हटलंही. ते त्यांना ऐकू गेलं, कारण हसले.

आणि मग टोचन दुपारीच दमायला लागलं. सकाळी पूर्ण चार्ज, जेवणाच्या सुट्टीपर्यंत काटा खाली. मधेच चार्जिंगला लावायचं, गाठी प्रेसपाशी साचायच्या, मीटर मात्र पळतंय. गाठीमागचा आकडा चढायला लागला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. चार दिवसांनी मी विक्रेत्याला फोन केला.

त्याचा माणूस अकोल्याहून आला. त्यानं सीट उचलली, बॅटरीची झाकणं उघडली आणि कपाळाला हात लावला. सगळे सेल गळ्यापर्यंत भरलेले, चार्जिंगच्या वेळी आतलं ॲसिड उतू जाऊन वर पांढरा थर जमलेला. त्यानं काचेची नळी बुडवून तपासलं.

"यात पानी कोन टाकलं?"

"मी," हे म्हणाले.

"मी डिस्टिल्डची कॅन दिली होती ना?"

"ते सांडून गेलं थोडं, मंग सरलं. तुमीच सांगतलं, बोअरचं खारं पानी चुकून टाकू नका म्हनून. तं मी नाई टाकलं. घरचं टाकलं. गोडं." आणि मग, जरा दुखावल्यासारखे, "आमी पितो तेच टाकलं, साहेब. काठोकाठ भरलं."

तो माणूस हसला नाही, हे त्याचे उपकार. त्यानं समजावून सांगितलं की पिण्याच्या पाण्यातही थोडे क्षार असतातच, बॅटरीला तेही सोसत नाहीत. आणि काठोकाठ तर मुळीच भरायचं नसतं. "तुमचं गोडं पानी बॅटरीसाठी खारंच हाय," तो म्हणाला. सेल रिकामे करून धुवून परत भरावे लागतील, दोन-तीन दिवस बॅटरीसकट मशीन अकोल्याला न्यावं लागेल.

मला रडू यावं की हसू, कळेना. हा माणूस स्वतः घरी घोटघोट पाणी पीत होता आणि त्या मशीनला जावयासारखं पाजत होता. ज्याला खेळणं म्हटलं त्याचा त्याला एवढा लळा लागला होता. मी रागावायचं ठरवून जवळ गेले आणि रागावताच आलं नाही. संध्याकाळी मी एवढंच म्हटलं, "मले विचारायचं तरी."

"तुले विचारलं असतं तं तू काय म्हनली असती?"

मी विचार केला. मीही गोडंच टाका म्हटलं असतं.

बिघडलेले दिवस हिशेबातून वगळावेत असं मला फार वाटलं. पण शेठ म्हणाले होते, हातचं राखू नका. मी ते दिवस धरले, सेल धुण्याचा खर्च धरला, डिस्टिल्ड पाण्याच्या कॅन धरल्या आणि कागद शेठपुढे ठेवला. वीज अजूनही स्वस्त होती. शेठनी चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ पाहिलं.

"डिझेलचा आकडा मोठा दिसते," ते म्हणाले, "कारण इंजिन उभ्या उभ्या चालू राह्यते. नवा सेल्फ टाकला अन् उभं असताना बंद ठेवलं, तं डिझेल निम्म्यावर येईन का नाही? मंग तुमच्या बॅटरीपेक्षा किती फरक उरन?"

खरं होतं. मी तिथंच आकडेमोड केली. फरक फार थोडा उरत होता. तेवढ्यासाठी कुणी नवं मशीन घेत नाही. तरी मी आकडा जसाच्या तसा सांगितला.

"बरोबर," शेठ म्हणाले. "बॅटरी येईलोक जुनं टोचनच चालनार हाय. उद्या ते थांबलं का बंद करा. किती डिझेल लागते ते मोजून पाहू."

तो दिवस आवारातलं कुणी विसरलं नसेल. नवा सेल्फ तर अजून आला नव्हता, म्हणजे प्रत्येक थांब्यानंतर ढकलणं आलं. सकाळी हमाल उत्साहात होते. गाठी चढल्या, ट्रॉल्यांचा हूक काढला, "हो जाऊ द्या" म्हणत ढकललं, इंजिन धडधडलं, परत हूक लावला. गोदामापाशी तेच. प्रेसपाशी परत तेच. जेवणाच्या आधीच हमालांनी हात वर केले. मग मावशी उठल्या, पदर खोचला आणि बायकांना घेऊन आल्या. "चला वं, नवरदेवाची गाडी अडली," म्हणत सगळ्यांनी मिळून ते धूड ढकललं. टोचन चालू झालं तेव्हा शेडपासून गेटपर्यंत टाळ्या पडल्या. मी खिडकीतून पाहून पोट धरून हसत होते आणि मधेच मला आठवायचं की आज काय ठरणार आहे, की हसू विरायचं.

दुपारी प्रेसपाशी गाठींची रास लागली आणि शेठ स्वतः खाली उतरले. पांढरा शर्ट, बाह्या वर. त्यांनीही खांदा लावला. दोनदा ढकललं, इंजिननं फक्त धूर सोडला. तिसऱ्यांदा ढकलून ऑफिसच्या खिडकीखालीच सगळे दम खात उभे राहिले. इंजिन बंद. आवारात इतकी शांतता मी हंगामात कधी ऐकली नव्हती.

शेठ टोचनच्या उजव्या बाजूला टेकून उभे होते. रुमालानं मान पुसत त्यांनी विचारलं, "काहो, नवा सेल्फ टाकून दिला तं थांबलं का बंद करसान ना दर वेळी?"

हे समोर बघत होते. उत्तर नाही.

शेठनी परत विचारलं. हे तसेच, स्टिअरिंगवर हात ठेवून. मी खिडकीचा गज धरला. आजवर इंजिनच्या आवाजात हे कधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ऐकू नाही गेलं तर सगळे आवाजालाच बोल लावायचे. आता आवाजच नव्हता. शेठनी ह्यांच्याकडे नीट पाहिलं, मग चालत पुढून वळसा घालून डाव्या बाजूला गेले आणि तोच प्रश्न हळू विचारला.

"नाई करनार, शेठ," हे लगेच म्हणाले. "खरं सांगतो. आज तुमी उभे हा म्हनून करून राह्यलो. उद्या मी विसरीन. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवाची सवय हातालेच पडली हाय. कोन्ताच डायवर बंद करत नाई."

"अन् त्या बाजूनं तुमाले आयकू येत नाही," शेठ म्हणाले.

ह्यांनी हात स्टिअरिंगवरून खाली घेतला. मग मान हलवली. "डॉक्टर म्हनते, तो गेला. हा हाय अजून."

"काहून सांगतलं नाई?"

"सीट जाईन म्हनून."

शेठनी वर खिडकीकडे पाहिलं. मी नजर चुकवली नाही, चुकवावी असं वाटलंच नाही.  त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला, जिना चढून ऑफिसात आले आणि माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत धपकन बसले. दोन ग्लास पाणी प्यायले. गोडं होतं, माझ्या घरचं.

"ताई," ते म्हणाले, "तो माहा निम्म्या डिझेलचा हिशेब फाडून टाका. जे कोनी करनारच नाही त्याचा कायचा खर्च काढता? माणसं जशी चालवतात तसंच मोजा." मग म्हणाले, "अकोल्याले फोन लावा. बॅटरी धुवाच्या भानगडीत पडू नका म्हना, मशीन आपन घेऊन राह्यलो, नवी बॅटरी टाकूनच पाठवा. अन् डिस्टिल्ड पाण्याच्या कॅन जास्तीच्या मागवा. तुमच्या घरचे पाहुणचार करतात."

मी फोन लावला. माझा आवाज कापत होता, तिकडचा माणूस म्हणाला, मॅडम, जरा मोठ्यानं बोला. मला कुणी मोठ्यानं बोला म्हणण्याची आयुष्यातली ती पहिली वेळ.

पिवळं टोचन परत आलं त्या दिवशी मावशींनी त्याला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला आणि हे पाणी घालतील म्हणून बॅटरीच्या झाकणावर हात ठेवून उभ्या राहिल्या. पहिली फेरी निघाली. हे ताठ बसलेले, मागे भरल्या गाठींच्या ट्रॉल्या. खिडकीखालून गेले तेव्हा, पहिल्या महिन्यात ऐकू जाईल म्हणून दातांखाली धरलेलं माझ्या तोंडून सवयीनं हळूच निघून गेलं, "सांभाळून."

टोचन जरा पुढे गेलं आणि थांबलं. ह्यांनी मान वळवली नाही, डावा कानच खिडकीकडे होता.

"रोज म्हनत होती का हे?"

 शेडमधल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

"म्हनत होते," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि गाठी घेऊन गोदामाकडे निघाले.